नऊशे फुटांची घरपट्टी

“मुरबाडची घरपट्टी शहापूरच्या दुप्पट हाय,” असं चंदर अंगणातून तिसऱ्यांदा बोलला, तेव्हा गोजरनं कढईतला वडा उलटला आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावला. उचलली जीभ लावली टाळ्याला! तिच्या या नवऱ्यानं जन्मात कधी मुरबाडची घरपट्टी पाहिली नव्हती. शहापूरच्या घराचं बिल आलं तरी तो ते चार घड्या घालून तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “भरून ये.” रांगेत उभी राहायची ती.

आज सुनेचं, प्रियांकाचं डोहाळजेवण होतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलणार होता. सहा वर्षं आळीतल्या बायकांना “होईल गो, घाई काय” सांगून गोजरची जीभ झिजली होती, म्हणून आज तिनं त्या सगळ्यांना नावं घेऊन बोलावलं होतं. बसा आणि बघा म्हणावं! हिरव्या साडीतली प्रियांका आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती, नणंद समीक्षा तिला फुलांचे दागिने घालत होती, बायका गाणी म्हणत होत्या. आणि बाहेर पुरुषमाणसं घरपट्टीवरून भांडत होती.

भांडण घरपट्टीचं नव्हतंच. गोजरला ते वड्याच्या पिठाइतकं ठाऊक होतं.

प्रियांका मुरबाडला पतपेढीत नोकरीला. सहा वर्षं ती सकाळची एसटी धरून शहापूरहून मुरबाडला जात होती आणि दिवे लागले की परत येत होती. तिचं माहेर मुरबाडचंच, पण लग्न झाल्यावर माहेरी राहायचं नाही हा तिचाच हट्ट. आता सातवा लागला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हे खड्डे बंद. तिच्या नवऱ्यानं, गोजरच्या दीपेशनं, पतपेढीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर बघितलं, कर्जाचं जुळवलं. घरमालकाला उद्या सोमवारी टोकन द्यायचं होतं. राहिला होता फक्त बापाचा होकार, आणि बाप गेले आठ दिवस घरपट्टीवर बोलत होता.

नुसता नाही म्हणाला असता तर गोजर त्याच्याशी भांडली असती. भांडायला ती कुणाला हार जात नाही. तिला भीती होती ती त्याच्या गप्प बसण्याची. बारा वर्षांपूर्वी धाकटा दीर अनिल कामासाठी बदलापूरला निघाला, टेम्पोत सामान चढलं, तेव्हा हा माणूस विहिरीची मोटर खोलून पाठमोरा बसला होता. जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. तेव्हापासून अनिल येतो तो पाहुण्यासारखा. हातात मिठाईचा पुडा आणतो, चप्पल पायरीखाली काढतो आणि जेवून “निघतो वहिनी” म्हणतो. आपल्याच घरात! दीपेशचं तसं झालं तर गोजर ते सोसणार नव्हती. ओटी भरायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, याच्या तोंडून “जा” निघायला हवं होतं. तिनं तेवढ्यासाठीच अनिललाही बोलावलं होतं.

“दुप्पट?” बाहेरून वाल्मिक ओरडले. वाल्मिक म्हणजे प्रियांकाचे वडील, मुरबाडच्या बाजारात बियाणांचं दुकान, आवाज मात्र लिलावाचा. “व्याही, कुणी सांगितलं तुमाला?”

“सगळ्यांना माहीत हाय.”

“सगळे म्हणजे कोण? नाव सांगा!”

“मी धरणावर बत्तीस वर्षं काढली. मुरबाडची चार माणसं होती आमच्यात. रडायची घरपट्टीच्या नावानं.”

चंदर भातसानगरला धरणाच्या दारांवर मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. कुठल्याही वादात तो धरण आणायचा आणि समोरचा गप्प व्हायचा. वाल्मिक गप्प होणाऱ्यातले नव्हते.

“व्याही, मी आज बिल घेऊन आलोय,” ते म्हणाले.

गोजरनं झारा ताटात ठेवला आणि पदराला हात पुसत दारात आली. खरंच की! वाल्मिकनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. लेकीच्या डोहाळजेवणाला माणूस घरपट्टीचं बिल खिशात घालून येतो, म्हणजे पलीकडंही आठ दिवस हेच चाललं होतं. गोजरला हसू आलं. तिच्या व्याह्याबद्दल तिचं मत एकदम वर गेलं.

“हे बघा. दोन हजार शंभर. वर्षाचे! आता तुमचं काढा.”

“माझं कशाला?” चंदर म्हणाला.

“अवो, तुलना करायची तर दोन कागद नकोत?”

“समीक्षाऽ,” अनिलनं हाक मारली, “बिस्किटाच्या डब्यात असतात ना कागद? आण गो जरा.”

“नको!” चंदर म्हणाला.

“नको!” गोजर म्हणाली.

दोघं एकदमच बोलली. अंगणातल्या सगळ्यांनी आधी त्याच्याकडं आणि मग तिच्याकडं बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. गोजरनं घाईघाईनं सांगितलं, “वडे गार होतात, आधी पोरीची ओटी भरू,” पण तोवर समीक्षा डबा घेऊन बाहेर आलीही होती. पोरगी शिकली होती वाणिज्य, नोकरी करत होती ठाण्याला एका सीएच्या हापिसात, आणि हिशेबाचा कागद दिसला की तिच्या अंगात यायचं. तिच्यामागून दीपेश आला. आणि सगळ्यात शेवटी, फुलांचा मुकुट सावरत, प्रियांकासुद्धा उंबऱ्यापर्यंत आली.

“तू बस गो आत,” गोजर म्हणाली.

“आई, माझ्या घराचं बोलणं चाललंय, मी आत बसू?” प्रियांका हसून म्हणाली, पण तिचा हात चौकटीवर घट्ट होता.

समीक्षानं बिलाच्या चारही घड्या उलगडल्या. “शहापूर. चार हजार चारशे वीस.”

वाल्मिकनी मांडीवर अशी थाप मारली की झाडावरचा कावळा उडाला. “दुप्पट! व्याही, दुप्पटच निघाली! फक्त गाव उलटं!”

हशा पिकला. दीपेशही हसला आणि बापाकडं बघून चटकन तोंड फिरवलं. चंदरचे कान लाल झाले.

“आमचं घर मोठं हाय,” तो म्हणाला.

“आता मोठं झालं!”

“बरोबर बोलतो दादा,” अनिल मध्ये पडला. गोजरनं डोळे वटारले. या भावजीला आपण कशाला बोलावलं आणि हा कुणाची बाजू घेतोय! पण अनिलचं तसंच होतं. दादा हरायला लागला की तो दादाकडं जायचा, लहानपणापासून. “मोठ्या घराला जास्त पट्टी लागणारच. बिलाला बिल लावून काय कळतं?”

“काका, अगदी बरोबर,” समीक्षा म्हणाली. तिनं पायरीवर बैठक मारली आणि दोन्ही कागद मांडीवर पसरले. “फुटामागं काढायला हवं. घर किती फुटांचं, कधी बांधलं, स्लॅब आहे की पत्रा, त्यावर सगळं असतं. आधी ते बघतात की हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील. त्यातनं थोडी सूट, मग उरलेल्यावर टक्के.”

“मला माझं घर भाड्यानं द्यायचंच नाय,” वाल्मिक म्हणाले.

“द्यायचं नाही काका, समजायचं.”

“कशाला समजायचं? उद्या कुणी भाडेकरू समजून बिऱ्हाड आणून टाकलं म्हणजे?”

पुन्हा हशा. आतल्या बायका गाणं अर्धं टाकून खिडकीशी जमल्या होत्या. गोजरनं त्यांना आत पिटाळायचा विचार केला, पण तिचं लक्ष समीक्षाच्या बोटाकडं होतं. बोट बिलावरून खाली सरकत होतं. आता सापडणार. तिनं नवऱ्याकडं बघितलं तर तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. हा माणूस एवढा का घाबरलाय, तिला कळेना. याला तर काहीच माहीत नाही.

“मुरबाडचं घर सहाशे फूट, स्लॅब. म्हणजे फुटाला साडेतीन रुपये. आता आपलं. स्लॅब आठशे फूट,” समीक्षा वाचत होती, “आणि पत्राशेड... नऊशे फूट?”

“कुठली शेड?” दीपेशनं विचारलं.

“हितं लिहिलंय. पत्राशेड, तीस बाय तीस, नऊशे फूट. त्याचेच पंधराशे साठ रुपये लावलेत.”

सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं. घराच्या मागं तुळस होती, कपडे वाळायची दोरी होती, कोंबड्यांची खुराडी होती. पुढं नुसतं मोकळं अंगण. नऊशे फुटांची शेड काही कोंबड्यांखाली दडून राहत नाही.

“खुराड्याला एवढी पट्टी?” वाल्मिक म्हणाले. “कोंबड्या सोन्याची अंडी घालतात का हो?”

अनिल सेंट्रिंगची कामं घ्यायचा. जेवायला आला तरी त्याच्या पँटच्या खिशात टेप असायचा. त्यानं तो काढला, दीपेशच्या हातात टोक दिलं आणि अंगण मोजायला लागला. कुंपणापासून पायरीपर्यंत तीस. आंब्यापासून गटारीपर्यंत तीस. टेप सर्रकन मिटला आणि अनिल जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या तोंडावर हळूहळू असं काही पसरायला लागलं की गोजरला कळलं, याला आठवलं.

“दादा,” तो म्हणाला. “दादा रे! हा तर मांडव!”

“कसला मांडव?”

“हळदीचा! दीपेशच्या हळदीचा! मे महिन्यात अवकाळी आला होता, तुमी कापडी मांडव काढून रातोरात पत्र्याचा घातला होता. लोखंडी पाइप, वर पत्रे. मीच नट कसलेत की! आणि त्या दिवशी तो मोजणीवाला पोरगा आला होता. कंत्राटावरचा, गळ्यात पट्टा घातलेला. आठवतो का? तुमी त्याला जेवायला बसवलं होतं.”

“त्याला हळद पण लावली होती,” दीपेश म्हणाला. “बेंजोवर नाचला होता तो.”

“नाचला, जेवला आणि मग मोजायला उठला. बोलला, हे पण तुमचंच का? आणि दादा बोलला...” अनिलला हसू आवरेना. तो पोट धरून आंब्याला टेकला. “दादा बोलला, आमचंच तर! दहा वर्षं हलणार नाय असं काम केलंय, लिही! आणि टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? दादाच्याच!”

मग जे हसू फुटलं ते आवरेच ना. वाल्मिक डोळे पुसत म्हणाले, “म्हंजे सहा वर्षं माझ्या पोरीच्या लग्नाच्या मांडवाची घरपट्टी भरताय तुमी! अरे, एवढा मान कुणी सुनेला दिलाय का तालुक्यात!” खिडकीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. प्रियांका हसता हसता पोटाला हात लावून म्हणाली, “आई गं, हा पण हसतोय आत.” दीपेशनं तिला धरून पायरीवर बसवलं. समीक्षानं तेवढ्यात गुणाकार केला, “नऊ हजार तीनशे साठ झाले सहा वर्षांचे,” आणि अनिल ओरडला, “एवढ्यात दुसरा मांडव झाला असता!”

हसला नाही तो फक्त चंदर. आणि हसली नाही गोजर.

“पण असं कसं झालं?” समीक्षाला आता कोडं पडलं होतं. “मोजणीनंतर नोटीस येते. चुकलं असेल तर हरकत घ्या म्हणून. महिनाभर मुदत असते. बाबा, तुमाला नोटीस आली नव्हती?” चंदर जमीनच उकरत राहिला. “आणि आई, दर वर्षी तू भरायला जातेस. तुला दिसलं नाय?”

आता काय सांगायचं? गोजरला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. चांगलं येत होतं. पण समोर एवढी माणसं, आणि पोरीची नजर सीएच्या हापिसातली.

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षीच. खिडकीवरच्या बाईनं वाचून दाखवलं, पत्राशेड नऊशे. मी बोलली, असू दे.”

“असू दे?”

“तुला ठाऊक होतं?” चंदरनं पहिल्यांदा मान वर केली.

“मंग? तुमी घडी घालून द्यायचे, मी घडी घालून ठेवायची. तुमाला कळायला नको म्हणून.”

“मला कळायला नको?” चंदर उठून उभा राहिला. “अगो, मी घडी घालायचो ती तुला कळायला नको म्हणून!”

दोघं नवराबायको एकमेकांकडं बघत राहिली. सहा वर्षं एकाच घरात, एकाच डब्यात, एकच कागद दोघांनी एकमेकांपासून लपवला होता. गोजरला वाटलं, संसार म्हणतात तो हाच. तिला रागही आला आणि मायाही दाटली.

“नोटीस आली होती,” चंदर सांगायला लागला. आवाज धरणावरचा नव्हता, साधा होता. “श्रावणात आली. मी अर्ज लिहिला. नगरपंचायतीच्या पायरीपर्यंत गेलो पण. तवा बा जाऊन वीस दिवस झाले होते.”

बा म्हणजे विठू, चंदर-अनिलचा बाप. दीपेशच्या हळदीला एक्क्याऐंशी वर्षांचा होता. गुडघे गेलेले, काठी घेऊन चालायचा. पण बेंजो सुरू झाला तसा म्हाताऱ्यानं काठी गोजरच्या हातात दिली, रुमाल काढला आणि पत्र्याच्या मांडवाखाली मधोमध येऊन नाचला. वरून पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता आणि खाली म्हातारा रुमाल फिरवत होता. सगळी आळी थांबून बघत राहिली होती. तेच त्याचं शेवटचं उभं राहणं. आषाढात तो अंथरुणाला टेकला आणि उठला नाही.

“पायरीवर उभा राहिलो,” चंदर म्हणाला, “आणि बोललो, आता मी माझ्या हातानं लिहून देऊ, की हितं मांडव नव्हता? होता की! बा नाचला की त्याच्यात! परत आलो. बोललो, कागदावर तरी उभा हाय, राहू दे.”

“मी पण तेच बोलली,” गोजर म्हणाली. “त्या बाईला बोलली, असू दे बाई, आमचा म्हातारा हाय त्याच्यात.”

तिचे डोळे भरले आणि तिनं ते लपवले नाहीत. अनिलनं तोंड आंब्याकडं फिरवलं. बाप गेला तेव्हा तो बदलापूरला कामावर होता आणि घरी पोचेतो उशीर झाला होता. आतली एक म्हातारी म्हणाली, “विठूमामा नाचायचा खरा!” आणि तेवढ्यानं सगळ्यांना पुन्हा श्वास घेता आला.

समीक्षानं नाक पुसलं आणि कागदावर आकडे मांडले. हिशेब अर्धा टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. “मांडव वगळला तर आपल्या आठशे फुटांना अठ्ठावीसशे साठ. म्हणजे फुटाला तीन रुपये साडेसत्तावन्न पैसे. मुरबाडला साडेतीन. फरक साडेसात पैशांचा. हे ह्या दोन घरांचं हं, अख्ख्या गावांचं नाय.”

“साडेसात पैशांची साडेसाती लावली होती आठ दिवस!” वाल्मिक म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “व्याही, पळसाला पानं तीनच. शहापूर काय आणि मुरबाड काय.”

घरपट्टीचं कारण संपलं. आता चंदरपाशी काही उरलं नव्हतं, आणि गोजरला दिसलं की तो पाठमोरा वळतोय. विहिरीकडं. अगदी तसाच!

“थांबा,” ती म्हणाली. “अवो, थांबा तिथंच. बत्तीस वर्षं धरणाची दारं उघडली तुमी. सोडायचं पाणी सोडलं नाय तर काय होतं ते मी सांगू तुमाला? पोरं विचारतायत. हो बोला, नाय बोला, पण तोंडानं बोला!”

“मी काय वाईट बोलतोय का?” चंदर पाठमोराच म्हणाला. “समीक्षा उद्या लग्न होऊन जाईल. दीपेश गेला की घरात आपण दोघं आणि कोंबड्या.”

“बाबा,” प्रियांका पायरीवरून म्हणाली. “गेल्या महिन्यात किन्हवलीच्या पुढं गाडी खड्ड्यात आपटली. मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तुमचं नाव घेतलं. देवाचं नाय, तुमचं. बोलली, बाबांचं नातवंड हाय, सांभाळ. मला तुमच्यापासून लांब जायचं नाय. मला फक्त त्या गाडीत बसायचं नाय.”

चंदरची पाठ हलली नाही. तेव्हा अनिल बोलला. आंब्याकडं बघतच बोलला.

“दादा, मी निघालो तवा तू एक शब्द बोलला असता ना, जा बोलला असता, नायतर शिवी घातली असती, तरी मी दर रविवारी आलो असतो. बारा वर्षं मी रस्त्यानं विचार करत येतो, दादाला आवडेल का नाय. पोराला असं करू नको.”

इतकी वर्षं गोजरला जे दिराच्या तोंडून ऐकायचं होतं ते आज डोहाळजेवणाच्या अंगणात ऐकायला मिळालं. चंदर वळला. त्यानं भावाकडं बघितलं, मग सुनेकडं, मग त्या मोकळ्या नऊशे फुटांकडं. बराच वेळ तो अंगणच बघत होता.

“समीक्षा,” तो म्हणाला, “कागद घे. नगरपंचायतीला अर्ज लिही.”

“मांडव काढून टाकायचा?” समीक्षाचा आवाज बारीक झाला.

“काढायचा कशाला? सहा वर्षं पट्टी भरलीय, जागा वसूल नको करायला? लिही, की सदर जागेवर पत्राशेड नसून खोली बांधायची हाय. पोरं शनिवारी मुरबाडहून येतील, झोपतील कुठं? नातवंडं रांगतील कुठं? आठवड्याचे पाच दिवस मुरबाडनं घ्यावे. शनिवार-रविवारची घरपट्टी मी हितं भरणार.”

दीपेशला क्षणभर कळलंच नाही. “बाबा, म्हंजे... उद्या टोकन...”

“दे की! मी कधी नको बोललो? मी घरपट्टीचं बोलत होतो,” चंदर म्हणाला, आणि गोजरला त्याला चिमटा काढावासा वाटला. दीपेश वाकून पाया पडला तेव्हा त्यानं पोराचं डोकं जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. “जा,” तो म्हणाला. “दोघं जा. आणि शनिवारी लवकर या.”

“बाबा, बांधायला आधी परवानगी लागते,” समीक्षा लिहिता लिहिता म्हणाली. “त्याचा अर्ज वेगळा.”

“दोन लिही मंग! आणि थांब. खोली लिहिलंस का? खोल्या कर. दोन. नऊशे फुटांत दोन आरामात बसतात.”

“दुसरी कुणाची?” गोजरनं विचारलं. तिला कळलं होतं, पण तिला ते ऐकायचं होतं.

“याची,” चंदर अनिलकडं हनुवटीनं दाखवत म्हणाला. “मिठाईचा पुडा घेऊन येतो मेला, पाहुण्यासारखा. खोली असली की चप्पल तरी वर काढील.”

अनिल हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. गोजर मात्र खुशाल रडली, सगळ्या आळीसमोर, तोंडाला पदर न लावता. मग तिला एकदम करपल्याचा वास आला. “अगो माझे वडे!” म्हणून ती आत धावली, आणि धावता धावता ओरडली, “चला गो बायांनो, ओटी भरायची हाय! प्रियांका, आत ये!” आत गाणं पुन्हा सुरू झालं, या वेळी दुप्पट आवाजात.

झारा हातात घेऊन तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. वाल्मिक बिलाची घडी करून पिशवीत ठेवत होते आणि खोलीला दक्षिणेकडं दार नको म्हणून सल्ला देत होते. अनिलनं टेप काढला होता. भिंत कुठून कुठवर घ्यायची ते आजच बघायचं होतं त्याला, जेवणही थांबणार होतं म्हणे. त्यानं टोक पुढं केलं आणि ते चंदरनं घेतलं, पायरीशी उकिडवा बसून अंगठ्यानं जमिनीवर दाबलं.

“धरलं का, दादा?” अनिल टेप सोडत मागं मागं सरकत होता.

“धरलंय रे,” चंदर म्हणाला. “तू जा लांब.”